याकोब : कपटाच्या वाटेवरून श्रद्धेकडे

अंध पित्याला फसवून थोरल्या भावाचा आशीर्वाद हिरावून घेणारा याकोब पुढे सासऱ्याकडून आणि पोटच्या मुलांकडूनही फसवला गेला. बायबलच्या पहिल्याच ग्रंथात येणारे त्याचे चरित्र हे एका घराण्यातील कपटाची आणि त्या कपटातून वाट काढत गेलेल्या श्रद्धेची कहाणी आहे.

ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही धर्मपरंपरांत अब्राहाम, इसहाक आणि याकोब ही नावे एकापाठोपाठ आदराने घेतली जातात. अब्राहाम हा श्रद्धेचा आदर्श, तर इसहाक हा आज्ञाधारक पुत्र. याकोबाला मात्र असे एखादे गौरवाचे विशेषण सहजासहजी चिकटत नाही. त्याने भावाची अडचण हेरून सौदा केला, जन्मदात्याशी खोटे बोलला, घरातून पळाला, परमुलखात राबला आणि म्हातारपणी पुत्रशोकाने खचला. तरीही बारा वंशांच्या एका राष्ट्राने नाव स्वीकारले ते याच माणसाचे. बायबलमधील 'उत्पत्ती' या ग्रंथाच्या निम्म्याच्या आसपास भाग याकोब आणि त्याच्या मुलांनी व्यापला आहे. आपल्या मूळपुरुषाचे दोष न झाकता सांगणारी ही कथा आजही वाचकाला अस्वस्थ करते, याचे कारण ती देवदूतांची नसून एका कुटुंबाची आहे.

जुळे भाऊ

इसहाक चाळिसाव्या वर्षी रिबकेशी विवाहबद्ध झाला. पुढे वीस वर्षे पाळणा हलला नाही. अखेर इसहाकाच्या प्रार्थनेला फळ आले आणि रिबकेच्या पोटी जुळी मुले वाढू लागली. गर्भातच त्यांची झुंज सुरू झाली, तेव्हा बेचैन झालेल्या रिबकेने परमेश्वराला कौल लावला. तिच्या उदरात दोन राष्ट्रे असून थोरला धाकट्याची सेवा करील, असे तिला कळवण्यात आले. हा कौल या कथेची किल्ली आहे. पुढे जे मिळवण्यासाठी मायलेकांनी कपट केले, ते देण्याचे वचन याकोबाचा जन्म होण्यापूर्वीच दिले गेले होते.

पहिला जन्मला तो तांबूस वर्णाचा, अंगभर केस असलेला एसाव. त्याच्या पाठोपाठ, त्याची टाच मुठीत धरून, दुसरा बाहेर आला. हिब्रू भाषेत टाचेला 'आकेव' म्हणतात. त्यावरून त्याचे नाव याकोब पडले. याच धातूपासून एखाद्याला मागून गाठणे, त्याची जागा बळकावणे असाही अर्थ निघतो. एसाव रानावनात हिंडणारा निष्णात शिकारी झाला, तर याकोब तंबूत रमणारा शांत तरुण. शिकारीच्या मांसाची चव आवडणाऱ्या इसहाकाचा जीव एसावावर होता आणि रिबकेचा याकोबावर. आईवडिलांनी मुले अशी वाटून घेतली, तिथेच घराच्या भिंतीला पहिली भेग पडली.

एके दिवशी एसाव रानातून थकून, भुकेने व्याकूळ होऊन परतला. याकोब मसुरीचे वरण शिजवत होता. भावाने ते मागितले, तेव्हा याकोबाने बदल्यात ज्येष्ठत्वाचा हक्क मागितला. भुकेपुढे एसावाला तो हक्क कवडीमोल वाटला. त्याने शपथ घेतली, भाकरी आणि वरण खाल्ले आणि तो उठून चालता झाला. पितृप्रधान समाजात ज्येष्ठ पुत्राला मालमत्तेचा अधिक वाटा आणि कुळाचे पुढारपण मिळत असे. एकाने ते विचार न करता गमावले आणि दुसऱ्याने ते संधी साधून लाटले. कथा यात एसावाच्या बेपर्वाईलाही दोष देते. पण भुकेल्या भावाशी सौदा करणाऱ्याचे ती समर्थन करीत नाही.

अंधाऱ्या तंबूतील आशीर्वाद

वर्षे लोटली. इसहाकाची दृष्टी गेली. मृत्यू जवळ आला असे वाटून त्याने एसावाला शिकार करून आणण्यास, आवडीचे पक्वान्न रांधण्यास आणि आशीर्वाद घेण्यास सांगितले. रिबकेने हे ऐकले. तिने याकोबाला कळपातून दोन करडे आणायला लावली, मांस रांधले, एसावाची ठेवणीतली वस्त्रे याकोबाच्या अंगावर चढवली आणि त्याच्या हातांना व मानेला करडांचे कातडे गुंडाळले. याकोबाला भीती वाटली ती पापाची नव्हे, पकडले जाण्याची. आशीर्वादाऐवजी शाप पदरी पडला तर काय, हा त्याचा प्रश्न होता. तो शाप आपल्यावर घेण्याची तयारी दाखवून रिबकेने त्याला पुढे ढकलले.

पुढचा प्रसंग बायबलमधील अत्यंत बारकाईने रंगवलेल्या प्रसंगांपैकी एक आहे. पित्याने तू कोण असे विचारताच याकोबाने आपण एसाव असल्याचे सांगितले. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, या प्रश्नावर त्याने परमेश्वराच्या कृपेचा हवाला दिला. या घरात सत्य लपवणे नवे नव्हते. अब्राहामाने आणि नंतर इसहाकानेही जिवाच्या भयाने परमुलखात आपल्या पत्नीला बहीण म्हणवले होते. पण देवाचे नाव खोट्याच्या आधाराला घेण्याची पायरी इथे गाठली गेली. इसहाकाला शंका आली. कानाला आवाज याकोबाचा लागत होता, हाताला मात्र एसावाचे केस लागत होते. त्याने चाचपून पाहिले, जेवण केले, द्राक्षारस घेतला, मुलाला जवळ ओढून त्याच्या वस्त्रांना येणारा रानाचा गंध हुंगला आणि अखेर आशीर्वाद दिला. आकाशातील दव, भूमीची सुपीकता, विपुल धान्य आणि भावंडांवर प्रभुत्व असे ते दान होते.

याकोब तंबूबाहेर पडतो न पडतो तोच एसाव शिकार घेऊन आला. झाला प्रकार उमगताच वृद्ध इसहाक थरथर कापू लागला. एसावाने टाहो फोडून आपल्यासाठीही एखादा आशीर्वाद मागितला. दिलेला शब्द मागे घेता येत नव्हता. उरलासुरला आशीर्वाद एसावाच्या वाट्याला आला. पित्याचे सुतक संपताच याकोबाला ठार मारायचे, असे त्याने मनाशी ठरवले. रिबकेने धाकट्याला थोड्या दिवसांसाठी म्हणून आपल्या भावाकडे, हारानला पाठवून दिले. ते थोडे दिवस वीस वर्षांचे झाले. मायलेकांची पुन्हा भेट झाल्याचे कथेत कुठेही आलेले नाही.

दगडाची उशी

आशीर्वादात धनधान्याची रेलचेल मिळवलेला याकोब हाती केवळ एक काठी घेऊन घराबाहेर पडला. वाटेत लूज या ठिकाणी सूर्य मावळला. दगड उशाला घेऊन तो उघड्यावर निजला. स्वप्नात त्याला पृथ्वीपासून आकाशापर्यंत पोहोचलेली शिडी दिसली. तिच्यावरून देवदूत चढत-उतरत होते. परमेश्वराने त्याला ती भूमी, असंख्य वंशज आणि सोबतीचे वचन दिले. त्या वेळी केल्या कर्माची झाडाझडती झाली नाही, की शिक्षाही सुनावली गेली नाही. एका पळपुट्याला, त्याने काहीही मागितलेले नसताना, ते वचन मिळाले.

जागा झालेल्या याकोबाने उशाचा दगड उभा करून त्यावर तेल ओतले आणि त्या स्थळाला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. त्याने नवसही केला. पण तोही हिशेबी. देवाने अन्न-वस्त्र दिले आणि सुखरूप घरी परत आणले, तर तो आपला देव आणि मिळेल त्याचा दहावा भाग त्याला अर्पण, अशा अटी त्यात होत्या. त्याची श्रद्धा अजून सौद्याचीच भाषा बोलत होती.

शेरास सव्वाशेर

हारानच्या शिवारातील विहिरीवर मेंढरे घेऊन आलेली राहेल त्याला भेटली. ती मामा लाबान याची धाकटी मुलगी. मामाच्या मुलीशी विवाह ही महाराष्ट्रालाही परिचित असलेली चाल त्या काळच्या पश्चिम आशियात रूढ होती. राहेलीसाठी याकोबाने सात वर्षे चाकरी करण्याचे कबूल केले आणि प्रेमापोटी ती सात वर्षे त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली. लग्नाची मेजवानी झाली. रात्रीच्या अंधारात लाबानाने राहेलीऐवजी थोरली लेआ त्याच्याकडे पाठवली. उजाडल्यावर याकोबाने जाब विचारला, तेव्हा थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची इकडे रीत नाही, असे उत्तर मिळाले. अंध पित्यापुढे थोरल्याच्या जागी उभा राहिलेला धाकटा आता अंधारात धाकटीच्या जागी थोरली स्वीकारून बसला होता. राहेल मिळाली, पण आणखी सात वर्षांच्या चाकरीच्या बोलीवर.

या व्यवहाराची खरी किंमत दोघी बहिणींनी मोजली. नावडत्या लेआला मुले होत गेली आणि आवडती राहेल अपत्यासाठी झुरत राहिली. आपापल्या दासी बिल्हा आणि जिल्पा यांनाही त्यांनी या चढाओढीत ओढले. अनेक वर्षांनी राहेलीला योसेफ झाला. हारान सोडतेवेळी याकोबाला अकरा मुलगे आणि दीना ही मुलगी होती.

लाबानाने त्याची मजुरी दहा वेळा बदलली. याकोबाने ठिपकेदार आणि करड्या जनावरांची बोली करून आपल्या कळपात भर घातली. मामा-भाच्यांची ही चढाओढ वीस वर्षे चालली. अखेर लाबानाला न सांगता याकोब कुटुंबकबिल्यासह निघाला. राहेलीने बापाच्या घरातील कुलदेवतांच्या मूर्ती चोरून उंटाच्या खोगिराखाली लपवल्या आणि पाठलाग करीत आलेल्या बापाला खोटी सबब सांगून ती त्यांवर बसून राहिली. याकोबाला याची कल्पनाही नव्हती. गिलादच्या डोंगरावर दगडांची रास रचून सासरा-जावयांनी परस्परांची सीमा न ओलांडण्याचा करार केला. विश्वास उरला नसल्याने साक्षीला दगड ठेवावे लागले.

यब्बोकच्या काठी

मागचे दार बंद झाले आणि पुढे एसाव उभा होता. तो ४०० माणसे घेऊन येत असल्याची खबर आली. घाबरलेल्या याकोबाने आपली माणसे आणि कळप दोन टोळ्यांत विभागले. एक कापली गेली तरी दुसरी वाचावी, हा हेतू. बकऱ्या, मेंढरे, उंट, गाई आणि गाढवे मिळून साडेपाचशेहून अधिक जनावरांची भेट त्याने टप्प्याटप्प्याने पुढे धाडली. मात्र या वेळी त्याने आणखी एक गोष्ट केली. त्याने प्रार्थना केली, आणि तीत अटी नव्हत्या. मिळालेल्या कृपेला आपण पात्र नाही, हे त्याने प्रथमच मान्य केले.

सर्वांना यब्बोक नदीपार पाठवून तो रात्री एकटा मागे राहिला. आजच्या जॉर्डनमधील झर्का नदी ती हीच. तिथे एका अनोळखी पुरुषाने पहाटेपर्यंत त्याच्याशी झुंज घेतली. जांघेचा सांधा निखळला तरी याकोबाने पकड सोडली नाही. तो आशीर्वाद मागत राहिला. तेव्हा त्या पुरुषाने त्याला नाव विचारले. फार वर्षांपूर्वी अंध पित्याने हाच प्रश्न केला होता आणि त्याने भावाचे नाव सांगितले होते. आता त्याने स्वतःचे नाव सांगितले. टाच धरणारा, जागा बळकावणारा, अशी जी काही आपली ओळख होती, ती त्याने कबूल केली. त्यानंतरच त्याला इस्राएल हे नवे नाव मिळाले. देवाशी झुंजणारा, असा त्याचा अर्थ कथेत दिला आहे. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता. पहिला आशीर्वाद त्याने वेष पालटून घेतला होता. दुसरा मात्र देहावर कायमची खूण ठेवून गेला.

भावापुढे तो सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. एसाव धावत आला, त्याने त्याला मिठी मारली आणि दोघेही रडले. या घराण्यात क्षमेचा पहिला मोठा धडा घालून दिला तो फसवला गेलेल्या थोरल्या भावाने, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. याकोब मात्र एका रात्रीत पालटला नव्हता. मागाहून सेईरला येतो असे सांगून तो प्रत्यक्षात दुसऱ्याच दिशेने, सुक्कोथला गेला.

रक्तात भिजवलेला अंगरखा

कपटाचा वारसा पुढच्या पिढीत उतरला. शखेममध्ये तिथल्या सरदाराच्या मुलाने दीनेवर बळजबरी केली. तिच्या भावांनी सोयरिकीच्या बोलणीत सुंतेची अट घातली आणि नगरातील पुरुष वेदनेने असहाय असताना शिमोन व लेवी यांनी त्यांची कत्तल केली. याकोबाला भय वाटले ते सूडाचे. पुढे एफ्राथच्या वाटेवर बन्यामिनाला जन्म देताना राहेलीचा मृत्यू झाला. इसहाक १८० व्या वर्षी वारला, तेव्हा एसाव आणि याकोब या दोघांनी मिळून त्याला मूठमाती दिली.

राहेलीच्या योसेफावर याकोबाने इतरांहून अधिक माया केली. आवडीनिवडीने आपल्या घराची झालेली वाताहत पाहूनही त्याने तीच चूक केली आणि योसेफाला खास अंगरखा शिवला. सतरा वर्षांच्या योसेफाची स्वप्नेही भावांना डाचत होती. दोथानच्या माळावर त्यांनी त्याला खड्ड्यात टाकले आणि वीस रौप्यनाण्यांना व्यापाऱ्यांच्या हाती विकले. मग एक बोकड मारून त्याच्या रक्तात तो अंगरखा बुडवला आणि तो ओळखता येतो का पाहा, म्हणून बापापुढे ठेवला. करडाचे कातडे आणि भावाची वस्त्रे यांनी याकोबाने पित्याला फसवले होते. त्याला फसवण्यासाठीही बोकड आणि भावाचे वस्त्र हीच साधने कामी आली. कथाकार यावर भाष्य करीत नाही. तो केवळ म्हाताऱ्याचा शोक सांगतो. सारी मुले सांत्वनाला जमली, त्यांत ते कपट रचणारेही होते. त्यांच्या सांत्वनाने याकोब शांत झाला नाही.

वीसहून अधिक वर्षांनी कनानात दुष्काळ पडला. इजिप्तमध्ये धान्य असल्याचे ऐकून याकोबाने दहा मुलांना पाठवले आणि बन्यामिनाला जवळ ठेवले. तिथला अधिकारी योसेफच आहे, हे भावांना ठाऊक नव्हते. त्याने शिमोनाला अडकवून ठेवले आणि बन्यामिनाला आणण्याची अट घातली. याकोबाने नकार दिला. धान्य संपत आले, यहूदा स्वतः जामीन राहिला, तेव्हा म्हाताऱ्याचा निरुपाय झाला. त्याने मध, पिस्ते आणि बदामाची भेट सोबत दिली, दुप्पट पैसे दिले आणि मुलाला सर्वसमर्थ देवाच्या हवाली केले. मुले गमवावी लागली तर गमवावी लागतील, हे त्याने स्वीकारले. जन्मभर काही ना काही मुठीत घट्ट धरून ठेवणाऱ्या याकोबाने इथे प्रथमच मूठ उघडली. नवस, तोड, डावपेच यांपैकी काहीही हाती नसताना ठेवलेला हा विश्वास होता आणि त्याला फळ कोणते येणार, हे त्याला माहीत नव्हते.

गोशेनमधील अखेर

योसेफ जिवंत असून इजिप्तचा कारभार पाहतो, हे ऐकून याकोबाचे काळीज थिजले. एकदा फसवणाऱ्या मुलांवर त्याचा विश्वास बसेना. दारात उभ्या राहिलेल्या गाड्या पाहिल्यावर त्याच्यात जीव आला. कुळातील सत्तर जण इजिप्तला स्थायिक झाले. फारोपुढे उभ्या राहिलेल्या १३० वर्षांच्या याकोबाने आपल्या आयुष्याचा जमाखर्च मांडला, तेव्हा आपले दिवस थोडे आणि कष्टाचे गेले, असेच त्याने सांगितले. आशीर्वाद मिळवलेल्या माणसाची ही कबुली कथेने मुद्दाम जपून ठेवली आहे.

गोशेन प्रांतात तो सतरा वर्षे राहिला. योसेफ कनानात बापाजवळ होता तीही सतराच वर्षे. अखेरीस याकोबाचीही दृष्टी मंदावली. योसेफाने आपले दोन मुलगे, मनश्शे आणि एफ्राईम, त्याच्यापुढे उभे केले. याकोबाने हात तिरपे करून उजवा हात धाकट्या एफ्राईमाच्या डोक्यावर ठेवला. आजोबांना दिसत नसेल असे वाटून योसेफाने तो हात हलवण्याचा प्रयत्न केला. पण याकोब काय करतो आहे हे पुरते जाणून होता. पुन्हा एक अंध वृद्ध, पुन्हा दोन भाऊ आणि पुन्हा धाकट्याला झुकते माप. फरक इतकाच, की या वेळी तंबूत कुणी वेष पालटून आले नव्हते. जे द्यायचे ते उघडपणे दिले गेले.

१४७ व्या वर्षी त्याचे निधन झाले. इजिप्तच्या प्रथेप्रमाणे देह टिकवण्याचे विधी चाळीस दिवस चालले आणि सत्तर दिवस शोक पाळला गेला. त्याच्या इच्छेनुसार त्याला हेब्रोनजवळील मकपेलाच्या गुहेत, पूर्वजांच्या आणि लेआच्या शेजारी मूठमाती देण्यात आली. प्रिय राहेल वाटेवरच राहिली होती. नावडती लेआ मात्र अखेरची सोबतीण ठरली. बाप गेल्यावर योसेफ सूड घेईल या धास्तीने भावांनी त्याला निरोप धाडला, की त्यांना क्षमा करावी अशी वडिलांची आज्ञा होती. अशी आज्ञा याकोबाने दिल्याचे कथेत अन्यत्र कुठेही नाही. योसेफ रडला. त्यांनी योजलेल्या वाइटातून देवाने अनेकांचे प्राण वाचवले, असे सांगून त्याने त्यांना अभय दिले.

वारसा

'उत्पत्ती' ग्रंथाबाहेर याकोबाच्या व्यक्तिगत अस्तित्वाची समकालीन नोंद उपलब्ध नाही. इस्राएल हे नाव मात्र इ.स.पू. १२०८ च्या सुमारास इजिप्तचा राजा मर्नेप्ता याच्या शिलालेखात येते. हा शिलालेख १८९६ मध्ये उजेडात आला. कुराणात याकूब हे पैगंबर असून योसेफाच्या विरहात रडून त्यांची दृष्टी गेल्याचे आणि त्याच्या सदऱ्याच्या स्पर्शाने ती परतल्याचे वर्णन आहे. मकपेलाच्या गुहेचे स्थान मानल्या जाणाऱ्या हेब्रोनमधील वास्तूला ज्यू आणि मुस्लिम दोघेही पवित्र मानतात. चित्रकार रेम्ब्रां याने १६५६ मध्ये नातवांना आशीर्वाद देणारा याकोब रंगवला. थॉमस मान या जर्मन कादंबरीकाराने १९३३ ते १९४३ या काळात चार खंडांची कादंबरीमाला लिहिली. तिचा पहिला खंड याकोबाच्याच कथांचा आहे.

महाराष्ट्राशीही या नावाचे नाते आहे. शतकानुशतके कोकणात राहिलेला, तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्याने शनिवार तेली म्हणून ओळखला गेलेला मराठीभाषक ज्यू समाज स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे म्हणवतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने बायबलमधील पूर्वजांची आख्याने मराठी कीर्तनातून रंगवली. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'क्रिस्तपुराणा'च्या पहिल्या भागात जुन्या कराराच्या कथा मराठी ओवीत उतरल्या.

याकोबाचे कपट यशस्वी झाले म्हणून ते योग्य ठरले का, हा प्रश्न त्याच्याच परंपरेने वारंवार विचारला आहे. होशेय या संदेष्ट्याने आपल्या लोकांना दोष देताना थेट या पूर्वजाच्या वागण्याची आठवण करून दिली. कथेचे उत्तर उपदेशातून येत नाही, हिशेबातून येते. जे मिळणारच होते ते हिसकावून घेण्यापायी याकोबाने आई गमावली, घर गमावले, वीस वर्षे चाकरीत घालवली आणि पुत्रशोकात म्हातारपण काढले. वचन मात्र अढळ राहिले. ते त्याच्या हुशारीमुळे पुरे झाले नाही आणि त्याच्या अपराधांमुळे मोडलेही नाही. यब्बोकच्या काठी लंगडत निघालेल्या माणसाला हे कळायला उरलेले आयुष्य लागले.